न दिलेल्या गोळीचा हिशेब

इंग्लंडमध्ये राहायला आलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांत जी कामं उरकावी लागतात, त्यांत बँकेत खातं उघडणं आणि जीपीकडे नाव नोंदवणं ही दोन अगदी वर असतात. जीपी म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर. फरक एवढाच, की आपल्याकडे फॅमिली डॉक्टरचा गुण आला नाही तर माणूस सरळ स्पेशालिस्टचं दार ठोठावतो. इथे तसं जमत नाही. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत बहुतेक सगळे रस्ते जीपीच्या खोलीतून जातात. गुडघा दुखतोय? जीपी. झोप लागत नाही? जीपी. मन कशातच रमत नाही, सकाळी अंथरुणातून उठावंसं वाटत नाही? तरी आधी जीपीच. त्यामुळे या देशात नैराश्यावरच्या बहुसंख्य गोळ्या मनोविकारतज्ज्ञ नव्हे, तर फॅमिली डॉक्टर लिहून देतो. तेही साधारण दहा मिनिटांच्या भेटीत.

आता या दहा मिनिटांत समोर बसलेली बाई म्हणाली, "डॉक्टर, गेलं वर्षभर मी या गोळ्या घेतेय आणि मला दिवस गेलेत," तर पुढे काय होतं?

याचं उत्तर २०११ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी शोधलं. ब्रिटनमधल्या जीपींच्या संगणकांत जमलेल्या लाखाहून अधिक गरोदर बायकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. दिवस जाण्याआधी ज्या बायका नैराश्यावरच्या गोळ्या घेत होत्या, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के सातव्या महिन्याच्या सुमारास त्या घेत होत्या. गरोदर नसलेल्या बायकांमध्ये तेवढ्याच काळानंतर हे प्रमाण ३५ टक्के होतं. बहुतेकींच्या गोळ्या पहिल्या सहा आठवड्यांतच बंद झाल्या होत्या. कुणाच्या डॉक्टरने बंद केल्या असतील, कुणी आपणहून टाकून दिल्या असतील. पण एवढ्या सगळ्यांचं नैराश्य नेमकं त्याच सहा आठवड्यांत बरं झालं, असं मानायला मन धजत नाही.

मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे. विमानाच्या पंखात वापरतात ते पदार्थ किती वर्षं टिकतील, कुठे तडकतील, हा माझा रोजचा उद्योग. आमच्या धंद्यात सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतात. हे यंत्र बंद पडलं तर ते सुरक्षित आहे का? लिफ्ट बंद पडली तर ती जागच्या जागी थांबते, आतली माणसं फार तर वैतागतात. विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर? म्हणजे 'बंद करणं' ही कुठल्याही यंत्राची आपोआप सुरक्षित अवस्था नसते, ते आधी तपासावं लागतं. गरोदर बाईच्या गोळ्या बंद करताना फॅमिली डॉक्टरच्या डोळ्यांसमोर लिफ्ट असते की विमान? माझ्या मते बराच काळ लिफ्ट होती. आणि ती तिथे कशी आली, याला चांगला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात अर्थातच थॅलिडोमाईडपासून.

१ ऑक्टोबर १९५७ला पश्चिम जर्मनीत ग्रुनेंथाल कंपनीने 'कॉन्टरगान' या नावाने झोपेचं एक औषध बाजारात आणलं. ते तिथे चिठ्ठीशिवायही मिळत असे. १९५८च्या एप्रिलमध्ये तेच औषध ब्रिटनमध्ये 'डिस्टाव्हल' या नावाने आलं. विकणारी कंपनी होती डिस्टिलर्स, म्हणजे मूळची व्हिस्कीवाली! जुन्या झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्या तर जीव जात असे, याने जात नाही, ही त्याची मोठी ख्याती. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही ते निर्धोक आहे, अशी जाहिरात डॉक्टरांसाठी छापली गेली. सकाळच्या उलट्या-मळमळीने हैराण झालेल्या बायकांना फॅमिली डॉक्टरांनी ते भरवशाने लिहून दिलं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. हातपाय अर्धवट वाढलेली, कुणाचे कान नाहीत, कुणाचं हृदय सदोष, अशी मुलं जन्माला येऊ लागली. १९६१च्या नोव्हेंबरात हॅम्बुर्गचे डॉक्टर विडुकिंड लेंझ यांनी बोट दाखवलं, डिसेंबरात सिडनीच्या विल्यम मॅक्ब्राईड यांचं पत्र 'लॅन्सेट'मध्ये आलं. तोवर औषध दोन्ही देशांतल्या दुकानांतून काढून घेण्यात आलं होतं. जगभरात १० हजारांहून अधिक मुलं या औषधाची शिकार झाली. ब्रिटनमध्ये अशी सुमारे दोन हजार मुलं जन्मली आणि त्यांतली निम्मी काही महिन्यांतच गेली.

या कथेची नायिका म्हणून अमेरिकेच्या फ्रान्सिस केल्सी यांचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. अमेरिकेच्या औषध खात्यात, म्हणजे एफडीएत, त्या १९६०मध्ये नव्याने रुजू झाल्या होत्या. मेरेल कंपनीचा थॅलिडोमाईडच्या परवान्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला आणि त्यांनी तो 'पुरावा अपुरा' म्हणून पुन्हा पुन्हा परत पाठवला. कंपनीने पुष्कळ तगादा लावला, पण बाई हलल्या नाहीत. १९६२च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष केनेडींनी त्यांचा गौरव केला. पण केल्सींचा संशय पक्का करणारा कागद कुणाचा होता, हे फारसं सांगितलं जात नाही. तो होता स्कॉटलंडमधल्या टरिफ नावाच्या लहानशा गावातल्या लेस्ली फ्लोरेन्स या फॅमिली डॉक्टरचा! हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या आपल्या चार रुग्णांच्या हातापायांना मुंग्या येतात, याला हेच औषध जबाबदार असेल का, असं एक छोटं पत्र त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ला लिहिलं आणि ते ३१ डिसेंबर १९६०च्या अंकात छापून आलं. ते वाचून केल्सींनी विचारलं, की मोठ्या माणसाच्या नसांवर परिणाम करणारं औषध पोटातल्या बाळाचं काय करेल?

म्हणजे चिठ्ठी लिहिणारा हातही फॅमिली डॉक्टरचा आणि धोक्याची पहिली घंटा वाजवणारा हातही फॅमिली डॉक्टरचाच. मग त्यानंतर या पेशाने गरोदर बाईसमोर पेन खाली ठेवायला शिकावं, यात नवल ते काय? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

नंतर कायदे झाले. अमेरिकेत १९६२च्या ऑक्टोबरात औषध कायदा कडक झाला. ब्रिटनमध्ये १९६३ साली औषधांच्या सुरक्षिततेसाठी समिती नेमली गेली, १९६४मध्ये 'यलो कार्ड' आलं (औषधाचा दुष्परिणाम दिसला की डॉक्टरने पिवळं कार्ड भरून पाठवायचं), आणि १९६८मध्ये औषध कायदा झाला. हे सगळं आवश्यकच होतं. पण या व्यवस्थेची रचना नीट पाहा. पिवळ्या कार्डावर दिलेल्या गोळीने काय झालं ते लिहिता येतं. न दिलेल्या गोळीने काय झालं, ते लिहायला कुठेच कार्ड नाही.

याचं एक उदाहरण मळमळीच्याच औषधाचं आहे. १९५६पासून मेरेल कंपनीचं (होय, तीच मेरेल) बेंडेक्टिन नावाचं औषध अमेरिकेत गरोदर बायका सर्रास घेत असत, ब्रिटनमध्ये त्याला डेबेंडॉक्स म्हणत. त्यानेही व्यंगं होतात असे खटले सुरू झाले. थॅलिडोमाईडवर बोट ठेवणारे मॅक्ब्राईड आता या औषधाविरुद्ध उभे राहिले. खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३मध्ये ते बाजारातून काढलं. एवढं खपणारं औषध नाहीसं झालं, पण जन्मजात व्यंगांचं प्रमाण काही घटलं नाही. उलट्यांमुळे अमेरिकेतल्या इस्पितळांत भरती होणाऱ्या गरोदर बायकांचं प्रमाण मात्र वाढलं. पुढे, मॅक्ब्राईड यांनी याच वादाशी संबंधित सशांवरच्या प्रयोगात आकडे बदलल्याचं सिद्ध झालं आणि १९९३मध्ये त्यांची डॉक्टरकीची नोंदणी रद्द झाली. बेंडेक्टिनमधली तीच दोन द्रव्यं एफडीएने २०१३मध्ये नव्या नावाने पुन्हा मंजूर केली. मधली तीस वर्षं अमेरिकेतल्या ज्या बायका ओकून ओकून इस्पितळात गेल्या, त्यांचा हिशेब कुणी मागितला नाही.

याहून मोठी गोष्ट १९७७ साली झाली. गरोदर होऊ शकेल अशा कुठल्याही बाईला औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये, अशी सूचना एफडीएने काढली. १९९३मध्ये ती मागे घेतली, पण गरोदर बायका चाचण्यांबाहेर राहिल्या त्या राहिल्याच. हेतू चांगला, परिणाम विचित्र. गरोदर बायकांवर चाचणी नाही म्हणून माहिती नाही, माहिती नाही म्हणून औषधाच्या पुस्तकात 'शक्यतो टाळावे', आणि डॉक्टर म्हणतात, पुस्तकातच लिहिलंय! ब्रिटिश जीपीच्या टेबलावर असणाऱ्या 'ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी'त गरोदरपणासाठी वर्षानुवर्षं एक वेगळं परिशिष्ट असे. घाईच्या दहा मिनिटांत ते उघडून पाहणाऱ्याला तिथे 'माहिती नाही' आणि 'धोका आहे' यांतला फरक सहज कळत नसे.

अमेरिकेत १९७९मध्ये ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरं आली. दिसायला शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी सोपी. पण 'सी' म्हणजे 'बी'पेक्षा वाईट असं नव्हतंच, बऱ्याचदा 'सी' म्हणजे माणसांत नीट अभ्यास झालेला नाही, एवढंच. ही अक्षरं हटवायचा निर्णय व्हायला डिसेंबर २०१४ उजाडला आणि ३० जून २०१५पासून नव्या औषधांवर अक्षराऐवजी सविस्तर माहिती देणं सक्तीचं झालं.

आता नैराश्याकडे येऊ. गंमत अशी, की नैराश्यावरची पहिली औषधंही थॅलिडोमाईडच्याच वर्षांतली. स्वित्झर्लंडच्या रोलंड कुन यांनी इमिप्रमिनचा गुण दाखवला तो १९५७मध्ये. १९८७च्या डिसेंबरात अमेरिकेत प्रोझॅकला परवाना मिळाला, १९९१मध्ये ब्रिटनमध्ये सेरोक्सॅट (म्हणजे पॅरॉक्सेटीन) आलं. १९९२ ते १९९६ या काळात इथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या आणि जीपींच्या रॉयल कॉलेजांनी मिळून 'डिफीट डिप्रेशन' मोहीम चालवली. जीपींना सांगण्यात आलं, की तुम्ही नैराश्य ओळखत नाही, ओळखलंत तरी पुरेशी औषधं देत नाही, द्या. जीपी देऊ लागले. त्या बायका-पुरुषांत गरोदर होऊ शकणाऱ्या तरुण बायका खूप होत्या, हे सांगायला नकोच.

आणि गरोदर बाईला नैराश्य? ते येतच नाही, असा जुना समज. गरोदरपणात बाई कशी उजळते, खुलते! दुःख आलंच तर बाळंतपणानंतर. एडिंबरोच्या जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये बाळंतिणींसाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली तयार केली, ती आज जगभर वापरतात. तीच प्रश्नावली मी राहतो त्या ब्रिस्टल परिसरातल्या बायकांना गरोदरपणातही दिली गेली. इथे १९९१-९२मध्ये सुमारे १४ हजार गरोदर बायकांची नावं नोंदवून एक प्रचंड अभ्यास सुरू झाला, तो अजून चालू आहे. त्याचा एक निष्कर्ष २००१मध्ये छापून आला. प्रश्नावलीत नैराश्याच्या रेषेवर गेलेल्या बायका बाळंतपणानंतर आठ आठवड्यांनी ९.१ टक्के होत्या, आणि गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यात १३.५ टक्के. म्हणजे सगळे बाळंतिणीकडे पाहत होते, आणि दुखणं त्याआधीच घरात येऊन बसलं होतं.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या मातामृत्यूंच्या गोपनीय चौकशीचा अहवाल आला. इथे प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते, ही पद्धत १९५२पासूनची. १९९७ ते १९९९ या काळातले, बाळंतपणानंतर वर्षभरातले मृत्यूही धरले, तेव्हा सर्वांत मोठं कारण रक्तस्राव नव्हतं, जंतुसंसर्ग नव्हता. ते होतं आत्महत्या.

याच सुमाराला, २०००च्या ऑक्टोबरात, लंडनमध्ये दक्षा एम्सन आणि त्यांची तीन महिन्यांची मुलगी फ्रेया या दोघींचा मृत्यू झाला. दक्षा भारतीय वंशाच्या, स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यांना बायपोलर आजार होता, औषधांवर तो अनेक वर्षं ताब्यात होता. मूल हवं म्हणून त्यांनी औषधं थांबवली, अंगावर पाजत होत्या म्हणून पुन्हा सुरू केली नाहीत. २००३च्या चौकशी अहवालाने पुष्कळ त्रुटी दाखवल्या, आणि आपला आजार सहकाऱ्यांपासून लपवावा लागणाऱ्या डॉक्टरांची कोंडीही मांडली. त्यांचा आजार वेगळा, औषधं वेगळी, हे मान्य. पण 'बंद करणं म्हणजे सुरक्षित' हे गृहीत किती धोक्याचं असू शकतं, हे त्या प्रकरणाने इथल्या वैद्यकीय जगाला दाखवलं.

मग २००५ आणि २००६ ही दोन वर्षं आली आणि फॅमिली डॉक्टर आगीतून फुफाट्यात पडला. डिसेंबर २००५मध्ये पॅरॉक्सेटीनमुळे बाळाच्या हृदयात दोष निर्माण होऊ शकतो म्हणून एफडीएने त्याला 'सी'मधून 'डी'त टाकलं. दोनच महिन्यांनी एक अमेरिकन अभ्यास आला. त्यात २०१ गरोदर बायका होत्या. ज्यांनी गोळ्या थांबवल्या त्यांच्यातल्या ६८ टक्क्यांचं नैराश्य उलटलं, ज्यांनी चालू ठेवल्या त्यांच्यातल्या २६ टक्क्यांचं. लगेच त्याच महिन्यात दुसरा अभ्यास! गरोदरपणाच्या उत्तरार्धात या गोळ्या घेतल्या तर नवजात बाळाला फुप्फुसांच्या रक्तदाबाचा एक गंभीर विकार होण्याची शक्यता सहापट. वर्तमानपत्रांनी अर्थातच 'सहापट' हा शब्द उचलला. पण तो विकार मुळात हजारांत एकदोन बाळांना होतो. सहापट धरली तरी हजारांतली ९८८ ते ९९४ बाळं सुखरूप. आणि पुढच्या मोठ्या अभ्यासांत ती सहापटही बरीच खाली आली. उलट बाजूने, ६८ टक्क्यांचा अभ्यासही मोठ्या मनोविकार केंद्रांतल्या, अधिक आजारी बायकांचा होता. २०११मध्ये साध्या दवाखान्यांतल्या बायकांवर झालेल्या अभ्यासात असा ठळक फरक दिसला नाही.

इथे एक गोष्ट मला माझ्या कामामुळे फार ओळखीची वाटते. गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायकांची नुसती तुलना केली तर ती गोळीची तुलना होत नाही. गोळी घेणारी मुळात आजारी असते, तिची झोप, खाणं, सिगारेट, दारू, सगळंच वेगळं असू शकतं. २०१४मध्ये साडेनऊ लाख अमेरिकन गरोदरपणांचा अभ्यास छापून आला. कच्च्या आकड्यांत, पहिल्या तीन महिन्यांत नैराश्याच्या गोळ्या घेतलेल्यांच्या १० हजार बाळांत सुमारे ९० जणांना हृदयदोष, न घेतलेल्यांच्यात ७२. पण आजाराची तीव्रता वगैरे जमेस धरल्यावर हा फरक जवळजवळ पुसला गेला.

याचा अर्थ भीती खुळी आहे असा मुळीच नाही. अपस्मार आणि बायपोलर आजारासाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट घ्या. ते गरोदरपणात घेतलं तर सुमारे १० टक्के बाळांत व्यंग दिसतं आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या वाढीवर परिणाम होतो. हे ठाऊक होत गेलं तरी ब्रिटनमध्ये कित्येक बायकांपर्यंत ते वेळेवर पोहोचलं नाही. २०१८मध्ये त्यावर कडक निर्बंध आले आणि २०२०च्या सरकारी आढावा अहवालाने वैद्यकव्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. म्हणजे काही इंजिनं खरोखर बंदच करायला हवीत. मुद्दा एवढाच, की कुठली, ते प्रत्येक वेळी पाहायला हवं. 'गोळी' या एकाच शब्दाखाली सगळी औषधं ढकलून चालत नाही.

ब्रिटनमध्ये जीपींच्या वृत्तीला हळूहळू वळण लागलं ते २००७च्या आणि मग डिसेंबर २०१४च्या मार्गदर्शक सूचनांमुळे. आता जीपीला सांगितलेलं असतं, की गोळी घेण्याचे धोके आणि न घेण्याचे धोके, दोन्ही बाईसमोर मांडा. एकदम थांबवू नका. सौम्य नैराश्याला समुपदेशन आधी. पूर्वी कुठलं औषध लागू पडलं होतं ते विचारा. एप्रिल २०२०पासून बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आईची स्वतंत्र तपासणी जीपीच्या करारातच आली. त्याआधी अनेक ठिकाणी ती बाळाच्या तपासणीतच कशीबशी उरकली जाई.

पण जुनी भीती गेलेली नाही. २०२५च्या जुलैत एफडीएने याच विषयावर तज्ज्ञांची बैठक भरवली. तिथले बहुतेक वक्ते या गोळ्यांच्या धोक्यांवरच बोलले, आणि उपचार न झालेल्या नैराश्याची बाजू नीट मांडली गेली नाही म्हणून अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तिच्यावर टीका केली. तराजूचं एकच पारडं भरायची सवय साठ वर्षांनंतरही टिकून आहे.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. म्हणून गोव्यातला एक अभ्यास सांगतो. म्हापशाच्या इस्पितळात बाळंतपणासाठी येणाऱ्या बायकांची पाहणी विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केली, ती २००२मध्ये छापून आली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यांतल्या ७८ टक्के बायका गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिघडलेलं नातं होतं, आणि मुलगी झाली हेही होतं. या कारणांवर गोळी हे उत्तर नाही, हे उघड आहे. पण म्हणून "होतं असं, मन रमव, देवाचं नाव घे" हेही उत्तर नाही. आपल्याकडे दिवस गेले की घरातली वडीलधारी माणसं पहिलं सांगतात, कसलीही गोळी घेऊ नकोस. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण ज्या मुलीला आधीपासून औषध चालू आहे, तिने ते कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नये. डॉक्टरकडे जावं आणि दोन प्रश्न विचारावेत. ही गोळी घेतली तर बाळाला काय होऊ शकतं? आणि नाही घेतली तर मला आणि बाळाला काय होऊ शकतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर बहुधा न विचारताही देतील. दुसरा मात्र आवर्जून विचारावा लागतो.

वाचकांत कुणी फॅमिली डॉक्टर असतील तर त्यांचा अनुभव ऐकायला मला फार आवडेल. तुमच्या दवाखान्यात हा दुसरा प्रश्न कुणी विचारतं का?